मनगटावरचा हिशेब

आमच्या वसतिगृहातील एक मैत्रीण गेल्या सत्रात प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. चौकशी केली तेव्हा कळले, की आदल्या दिवशी मनगटावरच्या घड्याळाने हालचालीत फक्त १८० कॅलरी खर्च झाल्याचे दाखवले, म्हणून बाईसाहेबांनी रात्रीची आणि सकाळचीही भाकरी टाळली होती! हसावे की रडावे?

मुळात हे घड्याळ कॅलरी मोजतच नाही. ते टिपते नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल. बाकी सारा अंदाज. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात यंत्रे तपासली. ठोके बहुतेकांनी बरे सांगितले. कॅलरींत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले, सर्वांत वाईट ९३ टक्के. (गणिताच्या पेपरात आम्ही एवढे चुकलो तर सर काय म्हणतील, ते लिहायला नको.)

कागदावरचा हिशेबही पाहा. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक कॅलरी खर्च करतो, असे धरतात. या मापाला 'मेट' म्हणतात. बेताच्या चालीने चालणे म्हणजे सुमारे साडेतीन मेट. मैत्रिणीचे वजन ४८ किलो. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर ती अर्धा तास चालली, तर ८४ कॅलरी. पण त्यांतल्या २४ खोलीत बसूनही खर्च झाल्याच असत्या! चालण्याचे श्रेय उरले ६० चे. शिवाय हे माप घेतले आहे सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीच्या एका पुरुषावरून. आम्हा मुलींना ते जसेच्या तसे कसे लागू पडणार?

खरी गंमत पुढेच आहे. याच मापाने ती दिवसभर नुसती बसून राहिली, तरी ४८ गुणिले २४, म्हणजे हजाराच्या वर कॅलरी लागतात. हृदय, मेंदू, यकृत सुट्टी घेत नाहीत. १८० हा वरचा खर्च होता. तिने तोच सगळा खर्च समजून ताट आखडले.

माझ्या मते, आपल्याच मागच्या आठवड्याशी तुलना करण्यापुरते घड्याळ ठीक. पण त्याला विचारून जेवू नये. आमच्या गावी आजी डोक्यावर घागर घेऊन चढ चढते, तेव्हा तिचा हात घागरीवर स्थिर असतो. त्या श्रमाची नोंद कोणते मनगट करणार?

मैत्रीण आता जेवून येते. घड्याळ मात्र सुटलेले नाही. परवाच मला विचारत होती, "अगं, तुझे आज किती झाले?"