ओसाड गावाला माफ झालेली जकात

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना वाटेत अंजनेरी लागते. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविक डोंगर चढतात. पायथ्याशी विखुरलेल्या यादवकालीन मंदिरांकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. त्यांतल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४२ च्या सुमाराचा शिलालेख आहे. सेउणदेव यादवाच्या काळात काही दुकानांचे उत्पन्न चंद्रप्रभ तीर्थंकराच्या या देवालयाला लावून दिल्याची ती नोंद. मंदिराचे अवशेष राहिले. दुकाने कोठे गेली?

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. ज्या बाजाराच्या उत्पन्नावर देवाची पूजा चालत होती, तो बाजार भरवणारी वस्ती लहानसहान नसणार.

अंजनेरीलाच मिळालेले भोगशक्तीचे ताम्रपट याहूनही जुने, आठव्या शतकाच्या आरंभीचे. भोगशक्ती हा बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक. वा. वि. मिराशींनी हे लेख अभ्यासून प्रसिद्ध केले. समगिरी नावाचे उद्ध्वस्त झालेले नगर शेजारच्या खेड्यांसह पुन्हा वसवल्याचे त्यांत सांगितले आहे. कसे वसवले, ते पाहण्याजोगे आहे. व्यापाऱ्यांना जकात कायमची माफ. निपुत्रिकाची मालमत्ता सरकारजमा होणार नाही. सरकारी माणसांच्या मुक्कामाचा खर्च गावावर नाही. गुन्ह्यांचे दंडही ठरलेले: कान तोडल्यास १६ रूपक, डोक्याला जखम केल्यास ४. (कान डोक्यापेक्षा महाग!) माणसे परत यायची तर आधी त्यांची भीती घालवली पाहिजे, हे त्या राजाला उमगले होते. पुनर्वसनाच्या आपल्याकडच्या कित्येक योजनांत नेमके हेच राहून जाते.

आता २०२७ च्या सिंहस्थाचे निमित्त आहे. मेळा म्हटला की या रस्त्याला रुंदीकरण, वाहनतळ, हॉटेले हे सारे आलेच. अंजनेरीची मंदिरे केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याने अशा स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी आवश्यक. पण हे अंतर स्मारकापासून मोजायचे. शेताच्या बांधाखाली गेलेले घराचे जोते, विहीर, खापरांचा थर या हद्दीबाहेर असला, तर त्याला वाली कोण? देवाला कायद्याचे कुंपण मिळाले, त्याचा खर्च चालवणाऱ्या दुकानदाराला नाही. तेव्हा पायथ्याची शेतन्‌शेत पाहणी आणि नकाशा जेसीबी येण्याआधी व्हायला हवा. खणताना वीट-खापर निघाले, तर काम थांबवून कोणाला कळवायचे, हे ठेकेदाराच्या करारातच लिहिलेले असावे.