विश्लेषण : दम्याच्या ‘निळ्या पंपा’वरच भिस्त ठेवणे धोक्याचे का?

धाप लागली की खिशातला पंप काढायचा, दोन फवारे घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, असा अनेक दमा रुग्णांचा शिरस्ता असतो. आराम पडतो, पण आजार तसाच राहतो. यंत्रमागाचा कापूसकण, बिडीच्या तंबाखूची धूळ आणि रस्त्यावरचा धुरळा सोसणाऱ्या सोलापुरात ही सवय अधिकच महागात पडू शकते.

सोलापूरसाठी हा विषय महत्त्वाचा का?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांमध्ये सोलापूरचा समावेश आहे. चादर आणि टेरी टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात हजारो कामगार यंत्रमागांवर काम करतात. बिडी वळण्याचे काम तर बहुतांशी महिला घरातच करतात. त्यामुळे तंबाखूची धूळ घरातील मुलांपर्यंतही पोहोचते. सुटीच्या दिवशी बरे वाटत असेल आणि कामावर जाताच खोकला, घरघर वाढत असेल, तर ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी.

देशातील स्थिती काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार जणांचा त्याने मृत्यू झाला. जगातील दमा रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. मृत्यूंमध्ये मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. निदानाला होणारा उशीर आणि नियमित इनहेलरचा अपुरा वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात.

दोन पंपांत फरक काय?

साल्ब्युटामॉलचा पंप, जो बहुधा निळा असतो, आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो. मात्र नलिकांच्या आतील सूज तो कमी करत नाही. ते काम ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड असलेला पंप करतो. त्याचा परिणाम हळूहळू दिसतो, म्हणून तो बरे वाटत असतानाही घ्यावा लागतो. नेमके इथेच अनेक रुग्ण तो बंद करतात. निळा पंप तुलनेने स्वस्त आणि लगेच गुण देणारा असल्याने तेवढाच चालू राहतो.

‘जीना’ या दम्याविषयीच्या जागतिक संस्थेने २०१९ मध्ये भूमिका बदलली. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, असे तिने स्पष्ट केले. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढतो. बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचा. पंपाचा रंग कंपनीनुसार बदलू शकतो, म्हणून रंगापेक्षा औषधाचे नाव पाहावे.

‘पंपाची सवय लागते’ हे खरे आहे का?

नाही. पंप पुन्हा लागतो तो आजार दीर्घकालीन असल्यामुळे. उलट गोळीतून शरीरात कितीतरी जास्त औषध जाते. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर गोळीत दोन ते चार मिलिग्रॅम, म्हणजे २० ते ४० पट. स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात बुरशी येऊ शकते किंवा आवाज बसू शकतो. त्यासाठी दर वेळी पाण्याने चूळ भरून थुंकावी.

वापरताना काय चुकते?

फवाऱ्याचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश श्वास घेण्यास सुरुवात करतानाच दाबावा आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावा. मुलांनी आणि वृद्धांनी स्पेसर वापरावा. कॅप्सूल टाकून ओढायच्या उपकरणात मात्र श्वास जोरात आणि खोल घ्यावा लागतो. ही कॅप्सूल गिळायची नसते.

मत्स्यप्रसादाचे काय?

मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत बथिनी कुटुंबाकडून दिल्या जाणाऱ्या मत्स्यप्रसादासाठी महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्याने दमा बरा होतो याला वैज्ञानिक पुरावा नाही. श्रद्धेने कोणी गेलेच, तरी पंप बंद करणे हा खरा धोका आहे.

झटका आला तर?

रुग्णाला ताठ बसवावे आणि आराम देणारा पंप, शक्यतो स्पेसरने, डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे द्यावा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खर्चामुळे पंप टाळणाऱ्यांनी सर्वोपचार (सिव्हिल) रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि जनऔषधी केंद्रात जेनेरिक पर्यायाची चौकशी करावी. पुढच्या भेटीत पंप सोबत न्यावा आणि तो कसा घेतो हे डॉक्टरांना करून दाखवावे. महिन्याला किती फवारे लागतात, हेही सांगावे. दमा आटोक्यात आहे की नाही, हे त्या आकड्यावरून बऱ्याच अंशी कळते.