भेटायला जाऊ, पण पाळीने

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वैरागच्या वस्तीतल्या एका आबांना लकवा झाला. त्यांना सोलापूरला दवाखान्यात हलवले. दुसऱ्याच दिवशी वस्तीतून टमटम भरून माणसे निघाली. त्यात आम्हीही होतो, एकूण १४ जण. खाटेभोवती कडे करून उभे राहिलो. कोणी रडले, कोणी शहाळे फोडले, कोणी म्हणाले, "आबांना दोन घोट चहा तर पाजा." सिस्टरने धावत येऊन कप काढून घेतला. आम्हाला तिचा राग आला.

राग चुकीचा होता, हे नंतर कळले. लकव्याच्या रुग्णाची गिळण्याची ताकद गेलेली असू शकते. मायेने पाजलेला चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर शहाळेही घातक ठरू शकते. त्यातले पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि हृदयावर ताण येतो. त्या दिवशी १४ जणांचा रोज बुडाला, टमटमचे भाडे वेगळे. आबांच्या पदरात काय पडले? थकवा.

पण आमची मोठी चूक पुढेच आहे. आबांची लेक दवाखान्यातच राहिली. रात्री खाटेखाली चटई टाकून झोपायची. मुलगा पुण्याहून रजा काढून आला होता. अकराव्या दिवशी तो वैरागला आला, आंघोळ केली, दुपारभर झोपला आणि संध्याकाळी पोरांना घेऊन बाजारात गेला. लगेच कुजबुज सुरू झाली. "बाप तिकडं दवाखान्यात पडलाय अन् ह्यो हितं भजी खातुय." असे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. तो मुलगा मान खाली घालून रात्रीच्या गाडीने परत गेला. लेकीने तर त्या बोलण्याच्या भीतीने घरी यायचे नावच काढले नाही. चार दिवसांनी ती वॉर्डातच चक्कर येऊन पडली. मग एका घरात दोन रुग्ण झाले.

आज आम्ही स्पष्ट सांगतो : आई-बाप दवाखान्यात असताना घरी येणे, झोपणे, लेकरांना बाजारात नेणे, पौर्णिमेच्या वंदनेला विहारात बसणे, यात काही वावगे नाही. सेवा करणारा माणूस उभा राहिला तरच सेवा होते. त्याला टोचून बोलणारी वस्तीच त्याला आडवा करते.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला बजावले की एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच करायची आहे. विनयपिटकात चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करू शकतो. रुग्णाला काय हितकारक, काय अहितकारक हे ओळखून हितकारक तेवढे जवळ आणतो. लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो. मलमूत्राची किळस करत नाही. धम्माच्या शब्दांनी धीर देतो. यात गर्दी करणे कुठेच नाही. आणि धुवायला, उचलायलाही दोन माणसे होती, एकट्यावर भार नव्हता.

कोणी म्हणेल, आपली माणसे जास्त दिसली तरच डॉक्टर लक्ष देतात. ही भीती खोटी नाही. आपल्या लोकांना दारातून परत पाठवल्याच्या आठवणी प्रत्येक घरात आहेत. पण गर्दीला सिक्युरिटीवाला हाकलू शकतो. कागद वाचणाऱ्या एका माणसाला हाकलणे अवघड असते. आजाराचे नाव काय, कोणती तपासणी बाकी आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात का, हे वहीत लिहून विचारणारा एक मुलगा किंवा मुलगी १४ जणांपेक्षा जास्त उपयोगी पडते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पहिल्याच दिवशी त्याला गाठावे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते अशा वेळीही कामाला यायला हवे.

म्हणून आमचे म्हणणे असे. कोणी दवाखान्यात दाखल झाले की विहाराच्या फळ्यावर पाळी लिहावी. एका वेळी दोघांनीच, भेटीच्या वेळेत, दहा मिनिटांसाठी जावे. ताप, खोकला असेल त्याने घरी थांबावे. लहान लेकरे नेऊ नयेत. हात धुऊन खाटेजवळ जावे आणि सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नये. फळांऐवजी खाटेजवळ बसणाऱ्यासाठी डबा न्यावा. टमटमचे भाडे वाचवून त्याच्या बुडालेल्या रोजाला हातभार लावावा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. पाळीने जाणे परवडते. आणि महिला मंडळातल्या एखादीने दर तीन-चार दिवसांनी रात्र सांभाळावी, म्हणजे लेक घरी येऊन झोपेल.

रुग्णालाही घराची ओढ असते. आपल्याकडचे कितीतरी लोक कॅन्सरसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला जातात. किरणांचे उपचार कित्येक आठवडे चालतात आणि साधारणपणे सोमवार ते शुक्रवार दिले जातात. डॉक्टरांनी परवानगी दिली तर शनिवार-रविवार आईला वैरागला आणावे. आपल्या अंगणात बसून तिला दोन घास गोड लागतील. मात्र तिला पाहायला पुन्हा गर्दी करू नये आणि ताप आला तर सोमवारची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

आबा आता काठी टेकत विहारापर्यंत येतात. त्यांच्या लेकीची आणि मुलाची आम्ही माफी मागितली. पुढच्या वेळी टमटम भरण्याआधी फळ्यावर नावे लिहू, आणि बाजारात भेटलेल्या त्या मुलाला एवढेच विचारू : "जेवलास का? आज रात्री आम्ही जाऊ का?"

जय भीम.