उसाची काणी आणि नव्या संशोधनाची आशा

1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि जलाशयाच्या काठी करमाळा व माढा तालुक्यांतील गावांत उसाने हळूहळू ज्वारीची जागा घेतली. त्यापाठोपाठ काणीही आली. लागणीच्या उसात काणीची चार बेटे दिसावीत आणि खोडव्यात तीच अनेकपटींनी वाढावीत, हा अनुभव येथे नवा नाही. म्हणून 'काणी न लागणारी जात द्या' ही शेतकरी बंधूंची मागणी रास्तच होय. तथापि ती पुरी होण्यास दहाबारा वर्षे का लागतात, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घ्यावयास हवे.

1912 मध्ये स्थापन झालेल्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राने गोड उसाचा रानटी ऊसवर्गीय गवताशी संकर केला. गोडी एकाकडून आली, काटकपणा दुसऱ्याकडून. मात्र या संकरामुळे उसाची आनुवंशिक घडण फार गुंतागुंतीची झाली. मनुष्याच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात; रीयुनियन बेटावरील आर 570 या जातीत ती सुमारे 114 आहेत! या जातीच्या गुणसूत्रांची अक्षरमाला, सुमारे 8.7 अब्ज अक्षरांची, 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. तपकिरी तांबेऱ्याचा प्रतिकार करणाऱ्या तिच्या अंगच्या गुणामागे शेजारशेजारची दोन जनुके असावीत, असे त्यातून दिसून आले. जनुकाची खूण हाती आली की रोपाचे पान तपासूनच निवड करता येते. शेतात रोग येण्याची वाट पाहावी लागत नाही.

परंतु हा शोध तांबेऱ्याचा आहे, काणीचा नव्हे. काणीचा प्रतिकार एकट्यादुकट्या जनुकावर अवलंबून नसल्याने तेथील काम अधिक कठीण आहे. शिवाय एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असते. गव्हाच्या ज्या जनुकाने अनेक वर्षे काळा तांबेरा थोपविला, त्याला न जुमानणारा तांबेरा 1999 मध्ये युगांडात ओळखला गेला. तेव्हा प्रयोगशाळेत जात तयार झाली म्हणजे शेतातील दक्षतेची गरज संपली, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

शेजाऱ्याच्या खोडव्यातील स्वस्त बेणे घेण्याची आपली सवय रोगाला गावोगाव पोहोचविते. बेणे मळ्यातील निरोगी, उष्ण प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढविलेलेच बेणे घ्यावे. काणीचा काळा चाबूक दिसताच त्यावर पिशवी घालून तो अलगद कापावा, बेट मुळासकट खणून जाळावे. आणि जात कोणती, बेणे कोठून आणले, लागण की खोडवा, याची नोंद कार्यकर्त्याने त्याच दिवशी करावी.