वाचवलं, पण कशासाठी?

"कार्टून? या वयात?" माझ्या लॅपटॉपवर 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' दिसलं की विंगमध्ये हा प्रश्न ठरलेला. हल्ली मी वाद घालत नाही. सरळ पहिल्या सीझनचा १३वा भाग लावते, 'द ब्लू स्पिरिट'. २००५ सालचा आहे, जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा. मेसची रांग कमी होईपर्यंत संपतो.

राजपुत्र येतो आणि कैद्याला सोडवतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोय. इथेही राजपुत्र आहे, झुको. वडिलांनीच त्याचा चेहरा भाजून त्याला देशाबाहेर काढलंय. अवतार, म्हणजे १२ वर्षांचा आंग, पकडून आणला तरच घरी परत घेणार, अशी अट. पण झुकोच्या आधी झाओ नावाचा अधिकारी आंगला पकडतो आणि किल्ल्यात साखळदंडांनी बांधून ठेवतो. बिचारा आंग आजारी मित्रांसाठी औषध म्हणून गोठलेले बेडूक गोळा करत होता! रात्री निळा मुखवटा घातलेला कोणीतरी दोन तलवारी घेऊन येतो आणि त्याला सोडवतो. तो झुकोच असतो. आंगवर दया आलीय म्हणून नाही, तर शिकार दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून.

बाहेर पडताना झाओच्या तिरंदाजाचा बाण मुखवट्यावर बसतो, झुको बेशुद्ध पडतो. मुखवटा काढल्यावर आंगला कळतं, हा तर आपला शत्रू! तो पळायला लागतो. मग थांबतो, मागे फिरतो आणि त्याला उचलून नेतो.

म्हणजे एकाच रात्रीत दोनदा कोणीतरी कोणालातरी वाचवतं. लांबून बघाल तर दोन्ही सारखंच. फरक कळतो तो सकाळी. आंग त्याच्या शुद्धीवर येण्याची वाट बघत बसलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी शत्रूच्याच देशात त्याचा कुझॉन नावाचा जिवलग मित्र होता, त्याची आठवण सांगतो आणि विचारतो, तेव्हा भेटलो असतो तर आपणही मित्र झालो असतो का? झुको उत्तर म्हणून आग फेकतो. संपलं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आंग चक्क बावळट वाटला. दुसऱ्यांदा बघितलं ते सेकंड इयरला, सबमिशनच्या आठवड्यात. त्याआधी महिनाभर माझ्या रूममेटला रात्री दोनला सणकून ताप भरला होता. रेक्टरना उठवून, रिक्षा शोधून मी तिला दवाखान्यात नेलं, सकाळपर्यंत बसले. आणि सबमिशनला तिने मला शीट्स दिल्या नाहीत. मी अख्ख्या विंगला सांगत सुटले, "तिच्यासाठी मी एवढं केलं!" त्या रात्री हा भाग बघताना चरकले. मी तिला आंगसारखं वाचवलं होतं की झुकोसारखं? खरं सांगायचं तर दवाखान्यात मी आंग होते. शीट्स मागताना झुको झाले.

मैत्रिणी म्हणतात, "अगं, पण तिसऱ्या सीझनमध्ये झुको येतोच ना आंगच्या बाजूला! म्हणजे चांगुलपणा फळाला आला." मला हे पटत नाही. मधे दुसऱ्या सीझनच्या शेवटी तोच झुको आंगच्या विरोधात लढतो, ते विसरायचं का? आणि त्या सकाळी आंगला पुढचं काय ठाऊक होतं? परत आल्यावर सॉका विचारतो, नवे मित्र मिळाले का? तो म्हणतो, नाही, वाटत नाही. भाग इथेच संपायला येतो, आणि मला तो यासाठीच आवडतो. शेवटी दोघांचं शेकहँड दाखवलं असतं, तर तो व्यवहार झाला असता. उधार दिलं, वसूल केलं.

हॉस्टेलमध्ये आपण सगळेच एकमेकांना वाचवत असतो. प्रॉक्सी, फीचे उसने पैसे, व्हायवाच्या आदल्या रात्रीचं शिकवणं. हिशेब ठेवू नये असं म्हणणं सोपं आहे, मलाही अजून पूर्ण जमत नाही.

परवा रूममेटला पुन्हा ताप आला. गोळ्या आणून दिल्या, मेसमधून पेज आणली. आणि या वेळी विंगमध्ये कोणालाही सांगितलं नाही.

(मासिकात लिहिलं, हे मात्र खरं!)