'निर्भीक' कोणाला परवडणार?
डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील अमानुष अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माणीने खास स्त्रियांच्या स्वसंरक्षणार्थ 'निर्भीक' हे ०.३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. किंमत मात्र त्या वेळी सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती! रात्रपाळी करून बसने परतणाऱ्या परिचारिकेने ते घ्यावे कसे? शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना आणि २०१६ च्या नियमांनुसार प्रशिक्षणही आवश्यक. हे निर्बंध योग्यच होत; अनभ्यस्त हातातील शस्त्र हल्लेखोर हिसकावून घेऊ शकतो. परंतु म्हणूनच अशा शस्त्राने शासनाचे कर्तव्य संपत नाही. उजेडाचे रस्ते, तत्पर पोलीस आणि शालेय वयापासून स्वसंरक्षणाचे शिक्षण या गोष्टी प्रत्येक भगिनीला परवडतात. त्यांचा आग्रह समाजाने धरावयास हवा.