पंचनामा शेताचा झाला. शरीराचा कोण करणार?

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात सीना, सिंदफणा, मांजरा यांच्या काठची शेते मातीसकट वाहून नेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. खरडून गेलेली जमीन, दगावलेली जनावरे, पडलेली घरे यांचे दर ठरले आणि तलाठी-ग्रामसेवक पंचनाम्यांना निघाले. आपत्ती माणसाच्या शरीरात जे मागे ठेवून जाते, त्यासाठी मात्र पंचनाम्याच्या कागदावर रकाना नसतो.

हा रकाना नसणे या विभागाला परवडणारे नाही. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार मराठवाड्यात २०२२ साली १,०२३, २०२३ साली १,०८८ आणि २०२४ साली ९४८ शेतकऱ्यांनी जीवन संपविले. या मृत्यूंमागे कर्ज, नापिकी, बाजारभाव अशी अनेक कारणे आहेत आणि ती औषधाने वा समुपदेशनाने मिटणारी नाहीत, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण मागे राहिलेली पत्नी, वयात येणारा मुलगा, म्हातारे आईवडील यांच्यावर जो आघात होतो, त्याचे काय, हा प्रश्न अनुदानाच्या धनादेशापाशी संपत नाही.

हे लोक मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाहीत. छाती दडपते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, रात्री दचकून जाग येते, अशा तक्रारी घेऊन ते प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात आणि बहुधा पित्ताच्या किंवा शक्तीच्या गोळ्या घेऊन परततात. मराठी भाषेने दुःखाचे स्थान शरीरात नेमके दाखवून ठेवले आहे. त्याला अडाणीपणाची खूण समजण्याची चूक सुशिक्षित वर्गानेच केली.

आधुनिक मानसशास्त्रही हळूहळू याच वाटेने आले आहे. संकटात शरीर लढण्यासाठी, पळण्यासाठी सज्ज होते किंवा जागीच थिजते. धोका टळल्यावर ही सज्जता ओसरावी लागते. काहींच्या बाबतीत ती ओसरत नाही. अमेरिकेतील पीटर लेव्हिन आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी श्वास, स्नायूंचा ताण, हालचाल यांच्या मार्गाने आघातावर उपचार करण्याचा आग्रह धरला. व्हॅन डर कोल्क यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ आघातग्रस्त असलेल्या ६४ स्त्रियांपैकी ज्यांना दहा आठवडे योगाभ्यास दिला गेला, त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक जणी आजाराच्या निकषाबाहेर आल्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. निष्कर्ष आशादायक खरा, पण ६४ ही संख्या फार मोठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर विकारासाठी शिफारस केली ती प्रामुख्याने आघातकेंद्री वर्तनोपचार आणि नेत्रचलनाधारित उपचारांची. शरीराधिष्ठित पद्धती पूरक म्हणून स्वीकारार्ह आहेत. त्यांना रामबाण ठरविणे घाईचे होईल.

अशा चर्चेत अजिंठ्याचे नाव हटकून निघते, आणि ते अकारण नाही. वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याने कोरविलेल्या सोळाव्या लेण्यात नंदाच्या पत्नीचे चित्र आहे. पती भिक्षू झाल्याचे कळताच तिची मान कलली आहे, अंग सैलावले आहे; एक दासी मागून आधार देते, दुसरीने तिचा हात हाती घेतला आहे. पाचव्या शतकातील त्या चित्रकाराला दुःख शरीरात कोठे उतरते हे ठाऊक होते, आणि त्या क्षणी उपदेशापेक्षा आधाराचा हात लागतो हेही.

बौद्ध परंपरेतून आलेली विपश्यना तर शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण हाच मार्ग मानते. पाली भाषेत ‘वेदना’ म्हणजे सुखद, दुःखद वा तटस्थ अशी कोणतीही संवेदना. मराठीत आपण तिचा दुःखद भाग तेवढा राखला. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतले, १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातही अजिंठ्याच्या नावाचे केंद्र चालते. हजारोंना तिचा लाभ झाला आहे. परंतु विपश्यना हा आघातावरील वैद्यकीय उपचार नव्हे. दहा दिवसांचे मौन आणि रोज सुमारे दहा तासांची बैठक ताज्या आघातातील माणसाला पेलेलच असे नाही. गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, असे केंद्रांचे नियमच सांगतात. नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीला सदिच्छेने शिबिराला धाडणाऱ्यांनी ते नियम आधी वाचावेत.

शासनाकडे यंत्रणा अगदीच नाही असे नाही. २०१५ मध्ये सुरू झालेला प्रेरणा प्रकल्प शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी आखला गेला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची आणि जोखमीच्या व्यक्तीला पुढे पाठवायचे, ही त्याची रीत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्हींचा भर बोलण्यावर. पण ज्याला बोलताच येत नाही, त्याला प्रथम पाय जमिनीला टेकवून, श्वास सावकाश सोडून, आजूबाजूचे आवाज ऐकून भानावर आणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ताणतणावासाठी काढलेल्या सचित्र पुस्तिकेचा पहिलाच धडा हा आहे. त्याला यंत्र लागत नाही की पदवी लागत नाही. आशा कार्यकर्तीला तो शिकविता येतो. अर्थात आधीच कामाने वाकलेल्या या स्त्रीवर तो फुकट लादला तर कागदावरच राहील. तिला या कामाचा वेगळा मोबदला आणि मागे उभा राहणारा जिल्हा मानसिक आरोग्य पथकातील तज्ज्ञ हवा.

दुसरीकडे शहरांत ‘हीलिंग’च्या नावाने शुल्क आकारणाऱ्या कार्यशाळांचा बाजार तेजीत आहे. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर आघाताची जखम उघडणारे, पण ती बांधता न येणारे उपचारक त्यात कमी नाहीत. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने नृत्य व हालचालींच्या उपचारकांना व्यवसायांच्या यादीत स्थान दिले. टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’च्या सहकार्याने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालविला. शिक्षण आणि नोंदणी यांची ही वाट इतर शरीराधिष्ठित पद्धतींनाही लागू व्हायला हवी.

स्पर्शाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. परक्याच्या हाताने उपचार घेणे ग्रामीण विधवेला मानवणारे नाही, आणि तिच्यावर तसा आग्रह होता कामा नये. गावातल्याच चार बायकांनी एकत्र बसून करायचे श्वासाचे, हालचालींचे व्यायाम तिला अधिक सोयीचे ठरतील. आशांच्या प्रश्नावलीत झोप, छातीतील धडधड आणि अंगदुखी यांविषयीच्या प्रश्नांना पुढचे स्थान देऊन, पूरग्रस्त तालुक्यांत हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू करता येईल.